उपासनेची मराठी

चर्च म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हिंदी सिनेमातले चर्च येते. उंच छत, रंगीत काचा, मेणबत्त्या, पांढऱ्या झग्यातले फादर आणि त्यांच्या तोंडी मोडकीतोडकी हिंदी. आपल्याच गावातल्या चर्चचा उंबरा कधी ओलांडलेला नाही, अशी माणसे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. त्यामुळे नगर जिल्ह्यात रविवारी सकाळी चर्चमध्ये पेटी-तबला वाजतो आणि अभंग गायले जातात, हे सांगितले तर अनेकांना नवल वाटते. आज मी या अभंगांविषयीच बोलणार आहे. ते चर्चमध्ये आले कसे, त्यांनी तिथल्या माणसांना काय दिले आणि पुढच्या पिढीत ते तिथे राहतील का, असे तीन प्रश्न माझ्यासमोर आहेत.

एका मित्राच्या आमंत्रणावरून मी नगर शहरातल्या एका चर्चमध्ये रविवारच्या उपासनेला बसलो. या शहराचे सरकारी नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे. पण जुन्या इतिहासाविषयी बोलताना तोंडात नगरच येते. मी मुसलमान. शुक्रवारच्या नमाजाची शिस्त लहानपणापासून अंगवळणी पडलेली. दारातच एका वयस्क गृहस्थांनी हात पुढे केला आणि म्हणाले, “या कवीसाहेब, सलाम.” मला वाटले, माझ्यासाठी म्हणून हा शब्द काढला असेल. पण मागून येणाऱ्या प्रत्येकालाच ते ‘सलाम’ म्हणत होते. कोणी उत्तरादाखल ‘जय ख्रिस्त’ म्हणे, कोणी ‘सलाम’. मित्राने सांगितले, “आमच्याकडे पूर्वीपासून हेच चालत आले आहे.”

आत दोन्ही बाजूंना बाके होती. बायका बहुतेक एका बाजूला, डोक्यावर पदर घेतलेल्या. पुढे पेटी, तबला, शिवाय एक कीबोर्ड आणि ड्रमसेट. भिंतीवर पांढरा पडदा. घंटा झाली, पाळकांनी स्तोत्रसंहितेतले वचन वाचून उपासनेचे बोलावणे केले आणि पेटीवाल्याने सूर धरला. पहिले पद सुरू झाले ते सरळ अभंग छंदातले. डोळे मिटून ऐकले असते तर एखाद्या सप्ताहात बसल्यासारखे वाटले असते. शब्द मात्र ख्रिस्ताचे.

या सुराचा इतिहास शोधत गेले तर चारशे वर्षे मागे जावे लागते, आणि तो सापडतो एका इंग्रज माणसापाशी. फादर थॉमस स्टीफन्स हे जेझुइट पंथाचे धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात उतरले आणि १६१९ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिले. त्यांचे बहुतेक आयुष्य साष्टी भागात गेले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची एक अडचण त्यांच्या ध्यानात आली. या लोकांची जुनी पुराणे सुटली होती, पण पुराण ऐकण्याची सवय सुटली नव्हती. संध्याकाळी चार माणसे जमवून ऐकावे असे त्यांच्याजवळ काही उरले नव्हते. स्टीफन्स यांनी त्यांच्यासाठी अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये गोव्यातल्या राचोल येथे छापले गेले. देवनागरीचे खिळे तयार करणे तेव्हा जमले नाही, म्हणून ते छापले रोमन लिपीत. रविवारी आणि सणावारी चर्चमध्ये ते वाचले जाई, गायले जाई.

या ग्रंथात स्टीफन्स यांनी मराठीची स्तुती केली आहे. फुलांत मोगरा, सुगंधांत कस्तुरी, पक्ष्यांत मोर, तशी भाषांमध्ये मराठी, असा त्या ओव्यांचा भाव आहे. इंग्लंडात जन्मलेला माणूस हे म्हणतो, याचे आपण कौतुक करतो. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की प्रार्थना आणि कथा माणसाच्या कानाला ओळखीच्या छंदात आली पाहिजे, हे त्याने ओळखले.

राज्यकर्त्यांना मात्र हे ओळखता आले नाही. १६८४ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. सरकारचा आधार गेला तरी ‘ख्रिस्तपुराण’ नाहीसे झाले नाही. माणसांनी हाताने नकला केल्या. मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांमध्ये ते गायले जात राहिले आणि १९०७ मध्ये मंगळूरलाच त्याची नवी आवृत्ती निघाली. देवनागरीत ते पुस्तकरूपाने आले १९५६ मध्ये, शांताराम बंडेलू यांच्या परिश्रमाने. म्हणजे छापलेल्या मराठीतला एक आरंभीचा काव्यग्रंथ मराठी वाचकाला स्वतःच्या लिपीत मिळायला तीनशे चाळीस वर्षे लागली.

नगरच्या चर्चची परंपरा मात्र गोव्याची नाही. ती अमेरिकन मिशनची. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. ईस्ट इंडिया कंपनीला ते नको होते. त्यांना परत धाडण्याचेही प्रयत्न झाले. पण ते टिकले, मराठी शिकले आणि १८३१ मध्ये या मिशनने नगरला ठाणे केले. मुलींच्या शाळा आल्या. सिंथिया फरार बाईंच्या शिक्षणकार्याचे नाव सावित्रीबाई फुले यांच्या चरित्रात आपण वाचतो, ते याच नगरमधले. १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक इथेच सुरू झाले.

या मंडळींनी उपासना मराठीत सुरू केली, पण गाणी आणली ती इंग्रजी गीतांची भाषांतरे, इंग्रजी चालींवर बसवलेली. इथे कवी म्हणून मला थोडे थांबावेसे वाटते, कारण हा प्रश्न भक्तीइतकाच छंदाचा आहे. इंग्रजी गीतांचा एक नेहमीचा साचा असा, की एका ओळीत आठ अवयव, पुढच्या ओळीत सहा, आणि दर दुसऱ्या अवयवावर आघात. इंग्रजी भाषेचा स्वभावच आघाताचा. मराठीचा तसा नाही. आपल्याकडे अक्षर ऱ्हस्व असते किंवा दीर्घ असते आणि त्यावरून ओळ चालते. ‘दया’ हा साधा शब्द घ्या. यात ‘द’ आखूड आणि ‘या’ लांब. परकी चाल जर ‘द’वर रेंगाळली, तर कानाला ‘दाया’ ऐकू येते. शब्द मराठी, अर्थ मराठी, पण गाणाऱ्याला आपण पाहुण्याच्या घरी बोलतो आहोत असे वाटत राहते.

अभंगाची गोष्ट वेगळी. थोरल्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे, धाकट्यात आठ-आठ. चौथा चरण आखूड असतो. तिथे गाणारा दम घेतो आणि बाकीची मंडळी ध्रुपद उचलतात. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही दोन कडव्यांत सामील होता येते. ज्या काळात मंडळीतल्या बहुतेक माणसांना अक्षरओळख नव्हती, त्या काळात ही फार मोठी सोय होती. पुस्तक हातात धरून गाणारी मंडळी आणि ऐकून गाणारी मंडळी, यांपैकी खेड्यातल्या माणसाला दुसरीच जवळची.

हे ओळखून काम करणारी माणसे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगरमध्ये पुढे आली. कृष्णराव सांगळे यांनी देशी चालींवर पदे रचली आणि ख्रिस्तचरित्रावर कीर्तने केली. पूर्वरंग, उत्तररंग, मागे साथीदार, हा सगळा साज त्यांनी हरिकीर्तनातून घेतला. पण या प्रवाहाला पूर आणला तो रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी.

टिळकांचे नाव आपल्याला शाळेतल्या ‘केवढे हे क्रौर्य’ या कवितेमुळे माहीत असते. १८६१ मध्ये कोकणात जन्मलेला हा चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचा व्यासंगी, १८९३ मध्ये राजनांदगावला जायला निघाला असताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्याच्या हाती नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. घर मोडले. लक्ष्मीबाई माहेरच्यांकडे, टिळक नगरला. पाच वर्षांनी, १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. पण तो नवऱ्यामागून फरफटत नव्हे, स्वतःशी भांडून, स्वतःचे सोवळे स्वतः सोडून. ती सगळी कहाणी त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये इतक्या मोकळेपणाने सांगितली आहे, की धर्मांतरावर लिहिणाऱ्या कुणीही आधी ते पुस्तक वाचावे.

टिळकांनी धर्म बदलला, पण कवीचा कान बदलला नाही. आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून, अशा अर्थाचे त्यांचे म्हणणे प्रसिद्ध आहे. त्यांनी शंभराहून अधिक उपासनागीते रचली. मराठी चर्चमध्ये वापरल्या जाणाऱ्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांचा मोठा वाटा आहे. नगरच्या त्यांच्या घरी बालकवी ठोमरे येऊन राहिले. त्या घरात कविता, कीर्तन आणि प्रार्थना एकाच ओसरीवर नांदत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ नावाची मंडळी सुरू केली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. परकी वस्त्रे उतरवलेला ख्रिस्त त्यांना लोकांपुढे ठेवायचा होता. त्या मंडळीला नाव देताना त्यांना ‘दरबार’ हा फारसीतून आलेला शब्द सुचला, याची मला गंमत वाटते. १९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते, ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. ज्या बाईला लग्नानंतर अक्षरे शिकावी लागली, तिने.

नगरच्या त्या रविवारी गीतानंतर पापांगीकाराची प्रार्थना झाली आणि मग शास्त्रवाचन. एका शाळकरी मुलीने जुन्या करारातला उतारा वाचला. हरवलेल्या मेंढराचा दाखला नव्या करारातून एका निवृत्त शिक्षकाने वाचला. पाळकांनी त्यावर उपदेश केला. त्यांचा मेंढपाळ पॅलेस्टाइनचा राहिला नाही, तो पारनेरच्या माळावरून घाटाखाली उतरणारा धनगर झाला. शंभर मेंढरांतले एक दिसत नाही म्हणून रात्री टेंभा घेऊन निघालेला. मंडळीतल्या म्हाताऱ्या माना हलवू लागल्या.

बायबलची ही मराठीही सहज घडलेली नाही. विल्यम कॅरी यांनी बंगालमधल्या श्रीरामपुरातून, आपल्या नगर जिल्ह्यातल्या नव्हे, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मराठी भाषांतरे छापली. अमेरिकन मिशनचा मराठी नवा करार १८२६ मध्ये आला. त्यानंतर किती हात लागले! त्यातले एक नाव आदराने घ्यायला हवे, ते पंडिता रमाबाईंचे. केडगावच्या मुक्ती सदनात बसून, हिब्रू आणि ग्रीक शिकून, या बाईने अख्खे बायबल साध्या मराठीत आणले. खेड्यातल्या बाईला कळेल असे मराठी, हा त्यांचा आग्रह. ते काम संपवून १९२२ मध्ये त्यांनी डोळे मिटले. छपाईचे काम केडगावच्याच मुलींनी आणि बायकांनी केले, आणि १९२४ मध्ये ते बायबल प्रसिद्ध झाले.

तो महिन्याचा पहिला रविवार होता, म्हणून प्रभुभोजन होते. पावाचा तुकडा आणि द्राक्षरस. बाप्तिस्मा घेतलेली माणसे ओळीने पुढे जात होती. मी जागेवरच बसून राहिलो. तसेच बसणे योग्य होते. पण बसल्या बसल्या एक विचार मनात आला. जातीचा भेद न ठेवता सर्वांनी एकत्र हे भोजन घ्यावे, हा अमेरिकन मिशनचा आग्रह होता. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर नगर, नेवासे, राहुरी या भागांतल्या खेड्यांतून महार आणि मांग समाजातली हजारो माणसे ख्रिस्ती झाली. ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली ते हेच नेवासे. चोखोबांना ज्या देवळाच्या पायरीपाशी थांबावे लागले, तसल्या देवळांच्या बाहेर या माणसांचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या उभे होते. अभंग त्यांनी दुरून ऐकला होता. चर्चमध्ये तोच अभंग पुढच्या बाकावर बसून, गळा मोकळा सोडून गाता आला. टिळकांच्या पदांनी या माणसांना जे दिले, त्यात ही गोष्ट मी पहिली धरतो.

जात एवढ्याने संपली, असे म्हणणार नाही. लग्नाची वेळ आली की ती डोके वर काढते, हे ख्रिस्ती लेखकांनीच लिहून ठेवले आहे. आमच्या मुसलमान समाजातही बिरादरी तशीच डोके वर काढते. शिवाय १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलतींची जी चौकट आखली, तिच्यात पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित अजून बाहेरच आहेत. देवाच्या मेजावर एक आणि सरकारच्या दफ्तरात वेगळे, असे हे जगणे आहे.

कॅथलिक चर्चची वाट थोडी निराळी. वसईवर पोर्तुगीजांचा अंमल १५३४ ते १७३९ असा दोनशे वर्षे होता. तिथल्या सामवेदी, वाडवळ, कोळी ख्रिस्ती घरांत बोली मराठीच्या, पण मिस्सा लॅटिनमध्ये. शेतात, होडीत, चुलीपाशी एक भाषा आणि वेदीपाशी दुसरी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या डिसेंबरात लोकभाषेतल्या उपासनेला दार उघडले, आणि काही वर्षांत वसईच्या चर्चमध्ये मराठी घुमू लागली. त्या मराठीला घडवणाऱ्यांत फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्या पदावर बसलेले ते पहिले ख्रिस्ती साहित्यिक. त्याआधी १९९० मध्ये पुण्याच्या संमेलनाचे अध्यक्ष होते डॉ. यू. म. पठाण, संतसाहित्याचे अभ्यासक. दिब्रिटो २०२४ मध्ये गेले. या दोन नावांकडे पाहिले की मराठीचे अंगण केवढे आहे, ते कळते.

आता तिसरा प्रश्न. ते अभंग राहतील का?

उपासनेच्या शेवटच्या भागात तरुण मंडळी पुढे आली. पेटी गप्प झाली, कीबोर्ड आणि ड्रम सुरू झाले. पडद्यावर शब्द उमटले. काही हिंदी, काही इंग्रजी, एक मराठी. मुले मनापासून गात होती, काहींचे डोळे भरले होते. त्यांच्या भक्तीत खोट काढण्याचा अधिकार मला नाही आणि तशी इच्छाही नाही. टिळकांनी त्यांच्या काळच्या माणसाच्या कानाला रुचेल ते दिले; ही मुले त्यांच्या काळच्या कानाला रुचेल ते गातात. पण इंग्रजी शाळेत शिकलेल्या या मुलांपैकी अनेकांना ‘उपासना संगीत’ वाचताना अडखळायला होते, असे मित्रच म्हणाला. जुनी पदे ज्यांना पाठ आहेत, त्या बायका सत्तरीच्या पुढच्या आहेत. पुस्तकात पदाच्या डोक्यावर चालीचे नाव छापलेले असते. ती मूळ चालच कुणाला येत नसेल, तर त्या नावाचा काय उपयोग?

या गोष्टीची मला काळजी वाटते, त्याला एक कारण माझ्या बाजूचेही आहे. आमची नमाज अरबीत. ती तशीच असावी, यावर आमचे एकमत आहे. पण नमाजानंतर हात पसरून माणूस जी दुआ मागतो, ती स्वतःच्या भाषेत. माझी आई ती मराठीतच मागत असे. नगर जिल्ह्यातल्याच श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ लिहिला तो मराठी ओवीत. मशिदीत जाणारा माणूस मराठीत देवाशी बोलू शकतो, याचा तो मोठा दाखला. कुराणात हजरत मरियमच्या नावाची एक सूरा आहे, ईसांचा उल्लेख आदराने आहे, दाऊदच्या जबूरचा आहे. श्रद्धेत आमचे मतभेद आहेत आणि ते राहणार. पण प्रार्थनेच्या शेवटी ते ‘आमेन’ म्हणतात, आम्ही ‘आमीन’ म्हणतो, आणि त्याआधीचे मागणे दोघांचेही मराठीत असू शकते. भाषा घरात बोलली जाईल, बाजारात बोलली जाईल. पण देवापुढे ती बोलायची माणसाने सोडली, तर तिच्यातले फार जवळचे काही निघून जाते.

आकाशवाणीवरून बोलतो आहे म्हणून शेवटी एवढेच सुचवतो. शब्द कागदावर राहतात, चाल राहत नाही. चाल गळ्यात राहते आणि गळ्याबरोबर जाते. ‘ख्रिस्तपुराणा’च्या ओव्या आपल्याला मिळाल्या, पण साष्टीतल्या त्या पहिल्या मंडळीने त्या कशा गायल्या, हे ऐकायचा मार्ग आज नाही. टिळकांच्या आणि सांगळ्यांच्या पदांबाबत मार्ग अजून आहे. आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारा फोन आहे. नगर, राहुरी, नेवासे, वडाळा इथल्या चर्चमधल्या तरुणांनी आपल्या आजीला एका दुपारी समोर बसवावे, पुस्तक उघडावे आणि म्हणावे, “आजी, हे पद कसे म्हणायचे?” ती म्हणेल तसे टिपून घ्यावे. मग पुढच्या रविवारी ते कीबोर्डवर वाजवले तरी हरकत नाही.